नगरचा न दिसणारा उजेड आणि माझा शेमला

आमच्या गावात नगरला न गेलेला माणूस सापडायचा नाही. कोर्टाला जातात, दवाखान्याला जातात, इंजिनाचे पार्ट आणायला जातात. पण त्यांचं नगर निराळं आणि मी या खेपेला पाहून आलो ते निराळं. आल्यापासून जो तो विचारतो, आप्पा, काय पाहिलं? सांगून सांगून घसा बसला. शिवाय आज सांगितलेलं उद्या गावात भलतंच होऊन फिरतं. कुणी म्हणतं म्हाताऱ्याचा फेटा पेटवला, कुणी म्हणतं पोरगं किरिस्ताव झालं. म्हणून लिहून काढतो. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यातली तिसरी दोनदा. शुद्धलेखन मास्तरांनी सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

जामखेड

जायचं कारण आधी सांगतो. माझा धाकटा भानुदास नगरला कॉलेजात आहे. एम. एस्सी. झाला, तरी शिकतोच आहे. माणूस चंद्रावर जाऊन परत आला, याचं शिक्षण काही संपत नाही. त्याला आष्टीकडची मुलगी पाहिली. मॅट्रिक झालेली, घर खातंपितं, बाप शब्दाचा. मी शब्द देऊन मोकळा झालो आणि भानूला कळवलं की साखरपुड्याला ये. त्याचं कार्ड आलं. त्यात एवढंच की, सरांना विचारून कळवतो.

सरांना! बाप मी, शब्द माझा, आणि विचारायचं कुणाला तर सरांना. दोन दिवस मला भाकर गोड लागली नाही.

भानूच्या आईला म्हटलं, "ह्यो सर आपला कोन लागून गेला?"

ती म्हणाली, "मला काय ठाव? जाऊन बघा की. हितं माझ्यावर कशाला फुसफुसताय?"

मग गेलो. जामखेडच्या स्टँडवर सकाळची गाडी धरली. तांबडा फेटा नव्यानं बांधला होता, शेमला पाठीवरून खाली कमरेपर्यंत सोडलेला. भांडायला जायचं तर माणसानं नीट कपड्यात जावं, असं माझं मत आहे. वाटेत आष्टी लागली तेव्हा होणाऱ्या व्याह्याच्या गावाकडं जाणारा फाटा दिसला आणि मी मान दुसरीकडं वळवली. त्या माणसाला काय तोंड दाखवू? ज्वारी निघालेली, रानं उघडी पडलेली, कुठंकुठं करडईचे काटे उभे. कडा मागं पडलं, धूळ पुढं पुढं. मनात मी त्या सरांशी बोलत होतो आणि प्रत्येक खेपेला जिंकत होतो.

नगर

स्टँडबाहेर रसवंतीचे घुंगरू वाजत होते, पण भानूचा पत्ता नव्हता. एक सावळा, किडकिडीत माणूस जवळ आला. जाड चष्मा, शर्ट पँटीच्या बाहेर.

"आप्पा ना? भानुदासचे वडील? मी दानिएल. फेट्यावरून ओळखलं."

हेच ते सर. मी मनात एक ढेरपोट्या माणूस धरून आलो होतो. भांडणाची निम्मी हवा तिथंच गेली.

"भानू कुटं हाय?" मी विचारलं.

"नळीतली हवा काढतोय. आत्ता पंप बंद केला तर सकाळपासूनचं काम वाया जाईल."

बापाला न्यायला यायला सवड नाही आणि पोरगं नळीतली हवा काढतंय! सरांनी स्कूटर आणली होती. टांग्यानं येतो म्हणालो, तर म्हणाले, सावेडी लांब आहे, टांगेवाला उन्हात दमवेल. बसलो. पाय कुठं ठेवायचे ते त्यांनी दाखवलं. गाडी सुरू झाली तशी माझा तोल गेला आणि मी त्यांच्या कमरेला मिठी मारली. ज्याच्याशी भांडायला आलो त्याच्याच कमरेला धरून मी अख्खं नगर ओलांडलं. ओळखीचं कुणी दिसलं नाही, हे नशीब.

सावेडी

सावेडी म्हणजे अजून निम्मं रान आहे. ज्वारीच्या धसकटांमध्ये मधूनच एखादा बंगला उठलेला. सरांचं घर लहान, पण पुढं जाईचा वेल, मागं आड, भिंतीला भिंत लागून शेजारी नाही. मनात आलं, गुरुजीच्या पगारात हे कसं जमतं? मग घरच्या बाईंनी सांगितलं, जागा सासऱ्यांची, ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. तीन पिढ्या शिकलेल्या. आमच्यात मी पहिला, तोही चौथी. हे ऐकून मी जरा जळलोच, खोटं कशाला बोलू?

सरांच्या बायकोचं नाव मार्था. लुगडं आमच्यासारखंच, कपाळ मोकळं. मी येणार म्हणून त्यांनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. जेवायच्या आधी म्हणाल्या, "आम्ही प्रार्थना करून बसतो. चालेल ना तुम्हाला?"

"करा की. आमच्यातबी देवाचं नाव घेत्यात," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले, काय करतात ते बघायला. काही विशेष नाही. आपल्यासारखंच, फक्त जरा सावकाश.

इतक्यात भानू सायकलवर आला. आला तो आधी माझ्या पाया पडला, एवढं मात्र केलं. मग "काकू, लसूण जास्त घातलाय ना?" म्हणत सरळ स्वयंपाकघरात गेला, मांडणीवरचं ताट आपल्या हातानं घेतलं, मिठाची बरणी न विचारता काढली. कोणत्या फळीवर काय आहे ते त्याला ठाऊक! घरी याला पाण्याचा तांब्या सापडत नाही. घरी शेंगोळे केले की म्हणायचा, परत हेच का? इथं तीनदा वाढून घेतले.

आणि बोलणं! घरी भानू म्हणजे मुका. हं, बरं, न्हाई, एवढ्यावर दिवस काढतो. इथं सर काहीतरी अर्धं बोलायचे आणि भानू उरलेलं पुरं करायचा. सर बोलताना दोन बोटं हवेत फिरवतात, भानूपण दोन बोटं फिरवतो. सर हसले की हाही तसाच, नाकातनं. माझ्यासारखं हसायला मी त्याला लहानपणी किती शिकवलं असेल! मी भाकरी कुस्करत बसलो.

शेवटी म्हणालो, "सर, आमच्या भान्यानं तुमाला कायतरी इचारलं आसंल."

"कशाबद्दल?" सरांनी चष्मा वर केला.

"सर, पाणी देऊ?" भानू मधेच उठला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "आप्पा, उद्या आधी प्रयोग बघा. मग बोलू."

सर म्हणाले, "हो, बघाच. एका उजेडाची वाट बघतोय, तीन वर्षं झाली, अजून एकदाही दिसलेला नाही. उद्या दिसला तर तुमच्या पायगुणानं."

पायगुण माझा आणि पोरगं तुमचं, असं माझ्या ओठावर आलं होतं. बाई ताक वाढायला आल्या म्हणून गिळलं.

प्रयोगाची खोली

दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेलो. खोलीला काळे पडदे. आत एक लांबलचक लोखंडी टेबल, त्याच्यावर माणसाच्या उंचीपेक्षा लांब काचेची नळी, नळीभोवती पाणी खेळवलेलं. बटण दाबलं की आतला वायू गुलाबी जांभळा पेटतो. मी म्हणालो, "ह्योच का तुमचा उजेड?"

भानू म्हणाला, "हा नव्हं आप्पा. खरा उजेड दिसत न्हाई." त्यानं लाकडाची फळी नळीच्या तोंडासमोर धरली. मधे काहीच दिसत नव्हतं, तरी फळीवर काळा ठिपका पडला आणि धूर निघाला. मी एक पाऊल मागं सरलो, पण तोंडानं फक्त हं म्हणालो.

त्या उजेडाचे तोडून तोडून झटके करतात आणि पुढच्या दुसऱ्या नळीत सोडतात. त्या नळीत निराळा वायू. त्याच्या कणांना रेणू म्हणतात. एक रेणू म्हणजे असं समजा की तो पायरीवर बसलेला आहे. खालच्या पायरीवर नाहीतर वरच्या. या झटक्यांनी त्याला पाहिजे त्या पायरीवर चढवायचं, पाहिजे तर उतरवायचं, पाहिजे तर एक पाय खाली एक पाय वर असा ठेवायचा.

"म्हणजे रेणू तुमच्या हुकमात?" मी विचारलं.

"तसा प्रयत्न आहे," सर म्हणाले.

"तुमचं बरं हाय. आमची पोरंबी हुकमात न्हाईत."

भानू पान्याशी झटापट करत राहिला. सर मात्र खोखो हसले. मला ते आवडलं नाही, कारण मी विनोद केला नव्हता.

मग फळ्याजवळ नेऊन त्यांनी मला समजावलं. जसंच्या तसं देतो, कारण एवढं एक मला पक्कं समजलं आहे.

"आप्पा, मेंढ्या रानात बसवल्यात. सकाळी धनगरानं जाळीचं कुंपण उघडलं, सगळ्या एका दमात बाहेर पडल्या. कोणी पळतं, कोणी लंगडतं. थोड्या वेळात पांगल्या. लांबून बघणाऱ्याला कळप दिसतच नाही. आता धनगरानं एक हाक दिली आणि सगळ्या त्याच क्षणी माघारी वळल्या. पळणारी लांब गेलीय, पण ती पळतेय. लंगडी जवळच आहे, पण ती लंगडतेय. कुंपणाच्या दाराशी आधी कोण येईल?"

मी विचार केला. "जी जेवढ्या वेळात गेली तेवढ्याच वेळात येनार. मग समद्या एकदमच येतील की!"

"शाबास! पहिला झटका म्हणजे सोडणं. दुसरा म्हणजे वळवणं. तो पहिल्याच्या नेमका दुप्पट जोराचा लागतो, तरच रेणू बरोबर माघारी वळतात. आणि मग, तेवढंच अंतर सोडून, वायू स्वतःहून एक झटका देतो. आपण न पाठवलेला. सगळ्या मेंढ्या एकदम दारात आल्याचा."

"मेंढीला हाक ऐकू येती. वायूला कान कुटं हायत?"

"त्याला रंग कळतो. नेमका त्याच्या आवडीच्या रंगाचा उजेड असेल तरच हलतो. नाहीतर ढिम्म."

चांगलं सांगितलं, नाकारत नाही. पण मेंढ्या रानात बसवायचं या नगरच्या माणसाला कुठून ठाऊक? भान्यानं सांगितलं असणार. मेंढ्या बसल्या माझ्या रानात, खत पडलं माझ्या रानात, आणि शहाणपण उगवलं याच्या फळ्यावर! आणि याच भान्यानं मला तीन वर्षांत एकदासुद्धा सांगितलं नाही की आप्पा, मी असं असं काम करतो.

"ह्ये मला का न्हाई सांगितलंस कदी?" मी त्याला विचारलं.

तो म्हणाला, "तुमी इचारलं न्हाई. तुमी इचारायचा, पगार कवा सुरू हुनार."

मी फेटा सारखा केला.

फेट्यावरूनच पुढचं घडलं. खोलीचा नियम असा की अंगावर लोंबतं काही नको. सर म्हणाले, "आप्पा, फेटा उतरवून ठेवता का थोडा वेळ?"

"फेटा मयतीला उतरतो. मी काय मयतीला आलोय?"

"मग शेमला तरी खोचा."

"खोचलेला शेमला म्हंजी मारामारीची तयारी. मी पाव्हना हाय. हातात धरतो."

धरला. पण टेबलावरच्या यंत्राच्या काचेच्या पडद्यावरची हिरवी रेघ बघायला मी वळलो आणि हात सुटला. मागं काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही, फक्त करपल्याचा वास आला. भानूनं खटकन् बटण बंद केलं. शेमल्याच्या टोकाला वाटाण्याएवढं भोक, कडेला काळं. गावात फेटा पेटवल्याची जी बातमी आहे ती एवढीच आहे.

भानू तांबडालाल झाला. "आप्पा, बाहेर बसा तुमी."

"न्हाई बसत."

तेव्हा सर पुढं आले, माझ्या मागं उभे राहिले आणि शेमल्याचं टोक त्यांनी स्वतःच्या मुठीत घेतलं. "राहू दे रे. मी धरतो. तू चालव."

"सर, मी एकटा?"

"एकटाच. मी अडकलोय."

असा देखावा झाला. मी पुढं, मागं माझा शेमला धरून प्रोफेसर, आणि भानू एकटा टेबलापाशी. अंधार केला. यंत्राच्या पडद्यावर दोन उंचवटे उठले, म्हणजे आपण पाठवलेले दोन झटके, एक लहान, एक मोठा. पुढं रेघ सपाट. डोळ्याची पापणी लवते त्याच्या लाखाव्या हिश्शात हे सगळं घडतं म्हणतात, पण पुन्हा पुन्हा करत राहिलं की रेघ डोळ्यासमोर ठरते. भानू जोर कमीजास्त करायच्या चकत्या फिरवत होता. रेघ सपाटच.

मागं सरांचा श्वास वाढलेला मला कळत होता. त्यांचे हात शिवशिवत होते. "वायू जरा कमी..." असं पुटपुटले आणि थांबले. मग हळूच म्हणाले, "आप्पा, शेमला तुम्ही धरता का? मी जरा तिथं..."

धरू शकलो असतो. पण म्हणालो, "न्हाई. माजा हात सुटतो." मला माझं पोरगं त्यांच्याशिवाय बघायचं होतं. तीन वर्षं त्यांनी बघितलं, एक घटका मला बघू दे.

भानूनं मागं वळून पाहिलंच नाही. वायूचा नळ किंचित पिळला. थांबला. दुसऱ्या झटक्याचा जोर बोटभर वाढवला, परत निम्मा कमी केला. खालचा ओठ दातात धरला होता. माझा बाप पाभरीनं पेरताना असाच ओठ धरायचा. सरांना हे ठाऊक असायचं कारण नाही.

आणि सपाट रेघेवर तिसरा उंचवटा आला. बारका, बाजरीच्या कणसाच्या टोकासारखा. पहिल्या दोहोंत जेवढं अंतर तेवढंच पुढं सोडून. भानूनं एक झटका बंद केला, तो गेला. परत सुरू केला, परत आला. पुन्हा पुन्हा करून बघितलं. मग तो भिंतीला टेकून खालीच बसला.

सरांनी चष्मा काढला, एका हातानंच, कारण दुसऱ्यात अजून शेमला होता.

"तीन वर्षं वाट बघितली," ते म्हणाले, "आणि आला तेव्हा माझ्या हातात काय, तर शेमला."

त्यांच्या आवाजात जे होतं ते मी लगेच ओळखलं. कालपासून तेच माझ्या पोटात होतं. खोटं लिहीत नाही, मला बरं वाटलं.

कडुनिंबाखाली

कॉलेजच्या आवारात कडुनिंबाखाली चहा घेतला. भानू आत वायूच्या टाकीचा नळ बंद करत होता. मी म्हणालो, "सर, आता सरळ इचारतो. पोराला साखरपुड्याला न्यायचंय. मला म्हनाला, सरांना इचारतो. तुमी का आडून बसलाय?"

सरांनी कप खाली ठेवला. "साखरपुडा? मला तो एका शब्दानं बोलला नाही. उलट मीच त्याला दिवाळीपासून विचारतोय की जर्मनीत दोन वर्षं काम करायला बोलावणं आहे, जातोस का? दर वेळी एकच. आप्पांना विचारतो."

"मला काय जर्मनी ठाव न्हाई!"

"आणि मला नवरी."

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. मला वाटत होतं पोरगं यांच्या मुठीत, त्यांना वाटत होतं माझ्या. आणि पोरगं दोघांच्या आड लपून नळीतली हवा काढत बसलेलं!

"भानुदास!" सर ओरडले. "भान्या!" मी ओरडलो. तो हात पुसत आला आणि आम्हा दोघांना शेजारी शेजारी बसलेलं पाहून तिथंच उभा राहिला.

"मला म्हनतो सरांना इचारतो, त्यांना म्हनतो आप्पांना इचारतो," मी म्हणालो. "आता दोगंबी हितं हायत. इचार."

तो पायानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "तुमाला दोगांना इचारून काय उपेग?"

"म्हंजी?"

"जर्मनीला गेलो तर ती दोन वर्षं थांबनार का? लगीन करून गेलो तर संगं येनार का मागं ऱ्हानार? ह्ये तुमी सांगनार का सर सांगनार? मला तिला इचारायचंय. आन् तसं म्हनलं तर तुमी मला घरात घ्याल का न्हाई, तेच कळंना. म्हनून सरांचं नाव सांगितलं."

मुलीला विचारायचं! आमच्यात असं कुणी केलेलं नाही. मी मुलीच्या बापाला विचारलं होतं, चुलत्याला विचारलं होतं, मामालासुद्धा विचारलं होतं. मी सरांकडं पाहिलं. म्हटलं, ही तुमची शिकवण. ते हात जोडून म्हणाले, "माझी नाही. मीपण सासऱ्यालाच विचारलं होतं."

आष्टी

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सर सोडायला आले. भानू तिकिटाला गेला तेव्हा मला म्हणाले, "जाऊ दे त्याला जर्मनीला. मागं मला एकटं वाटेल, पण जाऊ दे." मी म्हणालो, "मला कदीपास्नं वाटतंय." एवढंच आमचं भांडण झालं.

आष्टीला उतरून भानूला घेऊन फाट्यानं चालत गेलो. व्याही ओट्यावर होते. मी पाणी पीत बसलो, तेव्हा भानूनंच सांगितलं की आधी मुलीशी बोलायचं आहे. व्याह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी फेट्याला हात लावला. माणूस समजूतदार. म्हणाले, "माजघरात बसा. तिची आत्या बसंल दाराशी."

आम्ही दोघे बाप ओट्यावर. आत भानूचा आवाज. हळू, मग भरभर. घरी वर्षात बोलला नसेल इतकं तो त्या पोरीशी बोलत होता. "मेंढ्या" असा शब्द माझ्या कानावर आला. मग ती काहीतरी म्हणाली आणि तो हसला. नाकातनं नाही, माझ्यासारखा, मोठ्यानं. दोन दिवस त्या सरांवर जळलो, आता त्या माजघरातल्या पोरीवर जळायला लागलो. पसंत मीच केलेली, आता कुणाला सांगणार?

आत्या दारातनं म्हणाली, "आगं बया, ही इचारती, उजेड दिसत न्हाई तर आला कसा कळतो?"

चहा गार होईपर्यंत बोलणं चाललं. मग मुलगी स्वतः बाहेर आली. डोईवर पदर, नजर खाली, पण पाय ठाम. हातात साखरेची वाटी. आधी माझ्या हातावर साखर ठेवली, मग बापाच्या.

"लगीन करून संगं जायचं म्हनती," आत्यानं सांगितलं. "जर्मनी का काय ते. तवर तिला त्ये यंत्र बगायचंय."

व्याही साखर तोंडात टाकून मला म्हणाले, "मग पाव्हनं, साकरपुडा कवा धरायचा?"

माझ्या तोंडात तारीख तयार होती. गावाला सांगितलेली, गुरवाकडून काढून घेतलेली. मी भानूकडं पाहिलं. तो तिच्याकडं बघत होता.

"त्यांना इचारा," मी म्हणालो, आणि साखर खाल्ली. गोड होती. लई नव्हती.